नमुना चारची पोच

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या पगारपत्रकात ‘व्यवसाय कर’ अशी एक ओळ असते. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५००. राज्यघटनेने घालून दिलेली कमाल मर्यादाही तेवढीच आहे. हा कर १९७५मध्ये लागू झाला तो रोजगार हमी योजनेसाठी. बहात्तरच्या दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मजुराला काम द्यायचं तर पैसा आणायचा कुठून, यावर शहरातल्या पगारदाराने थोडा भार उचलावा आणि सरकारने तेवढीच भर घालावी, असं ठरलं. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम देणं हे सरकारचं कर्तव्य आहे, असं कायद्याने म्हणणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य.

मी सार्वजनिक धोरणांवर लिहिते आणि इतरांनी लिहिलेलं संपादित करते. या कामात नेमकं काय करावं लागतं असं लोक विचारतात तेव्हा मी त्यांना पगारपत्रकातली ही ओळ दाखवते. शहरातल्या एकाच्या पगारातून निघालेले २०० रुपये गावातल्या दुसऱ्याच्या हाताला काम होऊन पोचतात का, आणि पोचत नसतील तर वाटेत कुठल्या टेबलावर अडतात, हे शोधायचं, कागदावरून ताडून बघायचं आणि ज्याला त्याचा उपयोग आहे त्याला कळेल असं लिहायचं. रोजगार हमीवरचं एक टिपण आमच्या संस्थेत कसं तयार झालं, ते इथे सांगते. या कामावर माझा जीव का आहे, हे त्यातून कळेल असं वाटतं.

आधी थोडं माझ्याविषयी. अर्थशास्त्रात एम.ए. झाल्यावर मी पुण्यात एका दैनिकात उपसंपादक म्हणून लागले. अर्थसंकल्पाच्या दिवशी आमची निम्मी पानं ‘काय स्वस्त, काय महाग’ यात जायची आणि माझ्याकडे नव्या घोषणांची चौकट असायची. तिथल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला एक सवय लावली. घोषणा आली की तिचं लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी हिशेबातला तिचा क्रमांक, शोधायचं आणि आधी त्यावर प्रत्यक्षात खर्च किती झाला ते बघायचं. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत एकेका ओळीपुढे चार रकाने असतात. सरून गेलेल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, चालू वर्षाचाच सुधारित अंदाज आणि येणाऱ्या वर्षाचा अंदाज. सभागृहातल्या भाषणात ऐकू येतो तो शेवटचा रकाना. खरी गोष्ट पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यात असते. मार्चमध्ये भरघोस दिसलेली तरतूद पुढच्या मार्चमध्ये सुधारित अंदाजात कशी आक्रसते, हे एकदा दिसायला लागलं की घोषणेची बातमी पूर्वीसारखी लिहवत नाही. हळूहळू आकडे तोंडपाठ झाले. २२०२ शिक्षण, २२१० आरोग्य, २५०५ ग्रामीण रोजगार. जमेच्या बाजूला व्यवसाय कर ००२८ खाली. रोज नव्या विषयामागे धावण्यापेक्षा एकाच विषयाला धरून बसावं, असं वाटू लागलं ते याच काळात.

मग धोरणांचा अभ्यास करून मराठीत टिपणं आणि पुस्तिका काढणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी संपादक म्हणून गेले. आमचे वाचक म्हणजे सरपंच, संघटनांचे कार्यकर्ते, शिक्षक, तालुक्याचे पत्रकार, आमदारांचे स्वीय सहायक, कधी एखादा तहसीलदार. यातल्या प्रत्येकाला वेळ कमी असतो आणि प्रत्येकाला काहीतरी करायचं असतं. निव्वळ मत वाचायला त्यांच्यातलं कुणी येत नाही. हा वाचक मला फार आवडतो. दैनिकाच्या वाचकापेक्षा तो जास्त कठोर आहे, कारण पुस्तिकेत लिहिलेलं घेऊन तो दुसऱ्या दिवशी कचेरीत उभा राहणार असतो.

३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सरकारने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. दुष्काळात रोजगार हमीचं काम वाढायला हवं. ते वाढतं का, हा आमचा प्रश्न होता. बीड जिल्ह्यातला एक तालुका निवडला. माझा तरुण संशोधक सहकारी योजनेच्या संकेतस्थळावरचे आकडे काढायला बसला आणि मी कायदा आणि शासन निर्णय घेऊन बसले.

शासन निर्णय वाचायची माझी एक पद्धत आहे. सुरुवात ‘वाचा’ या शब्दाखालच्या यादीपासून करायची. तिथे आधीचे निर्णय तारखेनिशी दिलेले असतात. आजचा निर्णय कशाला जोडून आला आहे आणि कशाला बाजूला सारतो आहे, ते तिथून उलगडतं. मग प्रस्तावना, मग मूळ निर्णय. आणि शेवटी ‘प्रत’ म्हणून जी लांबलचक यादी असते ती पूर्ण वाचायची. बहुतेक जण ती सोडून देतात. ज्याच्या हातून काम व्हायचं आहे त्याचं नाव त्या यादीत आहे का, हे मी बघते. मंत्रालयातल्या दालनांना प्रती गेल्या आहेत आणि ज्या ग्रामपंचायतीत मजूर जाऊन उभा राहणार तिचा उल्लेखच नाही, असंही दिसतं. तळाशी संगणक सांकेतांक असतो आणि त्याचे सुरुवातीचे आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. या सांकेतांकांची मी एक वहीच केली आहे. कुणी ‘तसा जीआर आहे’ असं मोघम म्हटलं की ती वही उघडते.

रोजगार हमीचा कायदा तेव्हा मुळात सुटसुटीत होता. १९७७चा राज्याचा कायदा आणि त्यावर २००५चा केंद्राचा. कुटुंबामागे वर्षाला १०० दिवसांपर्यंतच्या मजुरीचा भार केंद्राचा. त्यापुढच्या दिवसांची हमी महाराष्ट्राने स्वतःच्या कायद्याने घेतलेली. मजुराने काम मागितलं की १५ दिवसांत ते द्यायचं. नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा, पहिले ३० दिवस मजुरीच्या एक चतुर्थांश आणि त्यानंतर निम्मा. मजुरी केंद्राकडून यायची, पण हा भत्ता राज्याने आपल्या तिजोरीतून द्यायचा होता. एप्रिल २०१९पासून महाराष्ट्रात मजुरीचा दर २०६ रुपये होता. म्हणजे भत्ता सुरुवातीला दिवसाला साडेएक्कावन्न रुपये, पुढे १०३. मजुरी मिळायला उशीर झाला तर सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के भरपाई. सहा दिवसांची मजुरी होते १,२३६ रुपये. तिच्यावरची रोजची भरपाई बासष्ट पैसे. महिनाभर उशीर झाला तर साडेअठरा रुपये. हा हिशेब मी टिपणात तसाच, पायरी पायरीने मांडला. टक्केवारी वाचून कुणाच्याच डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. बासष्ट पैसे म्हटलं की राहतं.

इकडे सहकाऱ्याने आकडे आणले. संकेतस्थळावर दोन रकाने शेजारीशेजारी असतात. काम मागणारी कुटुंबं आणि काम देऊ केलेली कुटुंबं. आमच्या तालुक्यात दोन्ही आकडे जवळजवळ सारखे होते. बेकारी भत्त्याचा रकाना रिकामा. वाचणाऱ्याला वाटावं की इथे मागेल त्याला काम मिळतंय. पण याच तालुक्यातून दसरा झाला की माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल अंगावर घेऊन, नवरा-बायको मिळून एक कोयता, लेकरं आणि भांडीकुंडी ट्रॅक्टरमध्ये टाकून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. गावात काम मिळत असतं तर एवढी माणसं गेली असती का? ऊसतोडीत मजुरी जास्त आणि उचल आगाऊ मिळते, हे खरं. तरी हंगाम संपवून ती चैतात परत येतात त्यानंतरचं काय? उन्हाळ्याच्या त्या महिन्यांतही दोन्ही आकडे जोडीनेच चालत होते. इतका नीटस आकडा दिसला की मला तो पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो.

२०१९च्या उन्हाळ्यात आम्ही त्या तालुक्यात गेलो. शिवारात हिरवं म्हणून काही नव्हतं. गावाला टँकर आणि जनावरांना चारा छावणी. एका ग्रामपंचायतीत नुकतीच कोयत्यावरून परतलेली पन्नाशीची बाई नमुना ४ भरून घेऊन आली होती. नमुना ४ म्हणजे कामाच्या मागणीचा अर्ज. नाव, जॉब कार्डाचा क्रमांक, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम हवं, सही किंवा अंगठा. अर्ज दिला की तारीख घातलेली पोच द्यावी, असं कायदाच सांगतो. ग्रामरोजगार सेवकाने अर्ज घेतला आणि फाइलीत ठेवला.

बाई म्हणाल्या, “पोच?”

“पोच कशाला मावशी, काम निघालं की निरोप देतो ना.”

“निरोपाची वाट बघता बघता मागला उन्हाळा गेला, भाऊ.”

यावर तो काही बोलला नाही. बाई थोडा वेळ थांबल्या आणि गेल्या. नंतर मी त्याच्याशी बोलत बसले. तो मोकळेपणाने बोलला आणि त्याचं म्हणणं मला आजही महत्त्वाचं वाटतं. पोच दिली की तारीख पडते. तारीख पडली की १५ दिवस मोजायला सुरुवात. त्यात काम निघालं नाही की वरून विचारणा त्याला. आणि काम काढणं तर त्याच्या हातात नाही. आराखड्यात काम असलं पाहिजे, तांत्रिक मान्यता पाहिजे, प्रशासकीय मान्यता पाहिजे, अभियंत्याला जागेवर यायला वेळ पाहिजे, मग हजेरीपट निघणार. त्याचं स्वतःचं मानधन झालेल्या मजुरीच्या टक्क्यांवर ठरायचं. काम नाही तर मानधनही नाही. म्हणून त्याने, आणि त्याच्यासारख्या पुष्कळांनी, एक सोयीची वाट काढली होती. काम मंजूर झालं, मजूर ठरले, की मग अर्ज संगणकावर चढवायचा. मागणीची तारीख तीच, जी काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशीची.

संकेतस्थळावरचे दोन रकाने जोडीने का चालतात, ते तिथे त्या खोलीत उलगडलं. आकडा खोटा नव्हता. नोंद उलट्या क्रमाने होत होती. काम मिळालेल्यांचीच मागणी नोंदली जात असेल तर मागणी आणि पुरवठा कायम सारखेच दिसणार. ज्या बाईला काम मिळालं नाही तिने ते मागितल्याची नोंदच कुठे नाही. पंधरा दिवसांची मुदत सुरू होत नाही, बेकारी भत्ता कुणालाच लागू होत नाही, आणि काम कमी पडतंय हे जिल्ह्याला, मुंबईला, दिल्लीला कधी कळत नाही. पुढच्या वर्षीचा निधी ठरायचा तो याच मागणीच्या आकड्यावर. एवढा मोठा कायदा एका चिठोऱ्यावर उभा आहे आणि तो चिठोरा दिला जात नाही.

ऐकलेलं छापायचं तर कागद हवा. आम्ही माहिती अधिकारात अर्ज टाकला. महाराष्ट्रातल्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. ही मर्यादा कार्यकर्त्यांना जाचक वाटते आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. ज्याला लिहिण्याचा सराव नाही, त्याला एवढ्या शब्दांत कचेरीची भाषा कुठून जमणार? मला मात्र संपादनाचा सराव कामी आला. ‘सविस्तर माहिती द्यावी’ असं लिहिलं की उत्तर मोघम येतं. आम्ही कोणत्या गावांची, कोणत्या काळातली, कोणत्या नोंदवहीची आणि कोणत्या नमुन्याची प्रत हवी एवढंच लिहिलं, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला आणि आवक क्रमांक घेतला. मुदत संपता संपता उत्तर आलं, ‘माहिती निरंक’. मग २० रुपयांचा स्टँप लावून पहिलं अपील. सुनावणीत अपिलीय अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मूळ अभिलेख पाहू द्या असा आदेश केला.

त्या कचेरीतल्या लाकडी बाकावर आम्ही गठ्ठे सोडून बसलो. मागणीची तारीख एका वहीत आणि हजेरीपट सुरू झाल्याची तारीख दुसऱ्या. एका ओळीत एक अशा दोन्ही तारखा उतरवत गेलो. पानामागून पान तेच. मागणी सोमवारी, काम मंगळवारी. काही ठिकाणी दोन्ही एकाच दिवशी. वेगवेगळ्या मजुरांचे अर्ज एकाच अक्षरात, एकाच शाईत लिहिलेले आणि खाली तेवढे अंगठे वेगळे. पानामागे दोन रुपये भरून प्रती घेतल्या. संशोधक सहकारी एवढा हरखला की त्याला तिथेच निष्कर्ष लिहायचा होता.

त्याचा मसुदा आला त्यातलं एक वाक्य मी जपून ठेवलं आहे. ‘योजनेच्या अंमलबजावणीत मागणी-नोंदणीच्या प्रक्रियेमध्ये काही त्रुटी आढळून आल्या असून त्या दूर करण्याच्या दृष्टीने उपाययोजना करण्यात येणे आवश्यक आहे.’ आम्ही समोरासमोर बसलो. मी प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारते. कोणी करायचं? कधीपर्यंत? आणि केलं हे कोणत्या कागदावरून कळणार? या वाक्याला तिन्हींची उत्तरं नव्हती. दुपारभर बसून ते असं झालं: ‘मजूर अर्ज देतो त्या दिवशीची तारीख ग्रामपंचायतीत कागदावर येत नाही. काम मंजूर झाल्यावर मागणी नोंदली जाते. त्यामुळे पंधरा दिवसांची मुदत सुरू होत नाही आणि भत्ता देण्याची वेळच येत नाही. अर्ज घेताना त्याच दिवशीची तारीख घातलेली पोच ग्रामरोजगार सेवकाने द्यावी. ती दिली जाते का, हे तहसीलदारांनी दर महिन्याला आवक नोंदवहीवरून तपासावं.’ मूळ एका वाक्याची पाच वाक्यं झाली. जागा जास्त गेली, पण आता हे वाक्य घेऊन कुणी सभेत उभं राहिलं तर समोरच्याला उत्तर द्यावंच लागेल.

गावाचं नाव छापावं का, यावर आमच्यात बराच वाद झाला. सहकाऱ्याचं म्हणणं, पुरावा आहे तर नाव हवं. मी नाही म्हटलं. नाव छापलं असतं तर कारवाई त्या एका सेवकावर झाली असती आणि बाकी सगळीकडे तेच चालू राहिलं असतं. त्याच्यावरचा ताण वरून येत होता. लिहायचं ते त्या व्यवस्थेबद्दल. तालुकाही आम्ही नुसता ‘बीड जिल्ह्यातला एक तालुका’ असाच ठेवला.

या काळात संध्याकाळी मी जे वाचत होते त्याचा या कामाशी नातं सांगणारा एक धागा आहे. मला जुनी सरकारी निवेदनं आणि सभागृहांतली भाषणं वाचायचा नाद आहे. १८७६-७७च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे निवेदनांमागून निवेदनं पाठवली. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य पुरेल, असं ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी ठरवलं होतं, त्या काळातली ही गोष्ट. आतडं तुटून लिहावं असा विषय. पण सभेचे लोक भाव, मजुरी, पिकं आणि माणसं मोजत होते. पुढे १९०२मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिलं भाषण केलं. दुष्काळाच्या वर्षांत सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडते, ती सुबत्तेची खूण कशी मानायची, हा त्यांचा मुद्दा. त्यांना आकड्यांच्या अभ्यासात साथ होती गणेश व्यंकटेश जोशी यांची. सोलापुरात शाळेचे हेडमास्तर असलेला हा माणूस सरकारी अहवालांतून आकडे वेचायचा आणि जुळवायचा. गोखल्यांची नावं रस्त्यांना आणि संस्थांना आहेत, आणि ती असावीतच. माझ्या मनात मात्र जोशी मास्तरांना वेगळी जागा आहे. धोरणावर संपादन करणाऱ्या माणसाने आपला पूर्वज निवडायचा तर तो हाच, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा नाद बहात्तरचे पाझर तलाव बघण्याचा. मराठवाड्यात, सोलापुरात, नगरमध्ये कुठेही गेले की विचारते, ‘इथला बहात्तरचा तलाव कुठाय?’ कुणी ना कुणी दाखवायला येतंच. म्हाताऱ्या बायका तेव्हा वाटलेल्या सुकडीची आणि तांबड्या मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, आठवण काढतात, खडी फोडून सोललेल्या हातांची काढतात. १९७३च्या मे महिन्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. रोजगार हमीचे जनक मानले जाणारे वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापुरात १९६५ साली ही कल्पना लहान प्रमाणावर करून बघितली नसती आणि या पन्नास लाखांनी ती मोठ्या प्रमाणावर होऊ शकते हे दाखवलं नसतं, तर कायदा झाला असता असं मला वाटत नाही. आमच्या तालुक्यातल्या त्या बाईंच्या सासूने गावाबाहेरच्या तलावाच्या भरावावर माती टाकली होती. त्या तलावात आता गाळ आहे. तो काढण्याचं काम आराखड्यात धरता येतं, आणि ते त्या वर्षी नव्हतं. टिपणात हा मुद्दा एका परिच्छेदात आला.

मसुदा छापण्याआधी आम्ही तो तिघांकडे पाठवला. एक अर्थशास्त्राच्या प्राध्यापक, एक निवृत्त महसूल अधिकारी आणि ऊसतोड मजुरांमध्ये काम करणाऱ्या एक कार्यकर्त्या. प्राध्यापक बाईंनी मजुरीच्या उशिराचे दोन टप्पे वेगळे मांडायला लावले. हजेरीपट बंद होण्यापासून पैसे देण्याचा आदेश निघेपर्यंतचा पहिला, आणि तिथून मजुराच्या खात्यात पैसे जमा होईपर्यंतचा दुसरा. भरपाई मोजली जात होती ती पहिल्या टप्प्यापुरतीच. मे २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या टप्प्यातल्या उशिराचीही जबाबदारी सरकारचीच आहे असं स्पष्ट केलं होतं. निवृत्त अधिकाऱ्यांनी तांबड्या शाईत समासात लिहिलं, की ग्रामपंचायतीत पोच मिळत नसेल तर अर्ज थेट कार्यक्रम अधिकाऱ्याकडेही देता येतो, आणि आपल्या राज्यात ती जबाबदारी तहसीलदारांकडे आहे. तहसीलच्या आवक टेबलावर शिक्का मारून पोच मिळणं त्या मानाने सोपं. ही वाट कायद्यात होती आणि आम्ही भेटलो त्या मजुरांपैकी कुणालाही ती ठाऊक नव्हती.

कार्यकर्त्या ताईंनी टिपण वाचलं आणि फोन केला. “सगळं बरोबर आहे हो. पण आमच्या बाया बत्तीस पानं घेऊन ग्रामपंचायतीत जाणारेत का? मला एक कागद द्या. वर नमुना ४, खाली पोच, मधे कापायची रेघ. पोच सेवकाने लिहायची वाटच बघायला नको. आपणच भरून न्यायची, त्याने फक्त सही-शिक्का करायचा.”

संपादक म्हणून मिळालेली ही सगळ्यात चांगली सूचना. तो कागद टिपणाच्या मधल्या पानावर गेला, सुटा काढता येईल असा. त्यावर अक्षर मोठं केलं, तारखेची चौकट सगळ्यात ठळक केली, आणि पाठीमागे सोप्या वाक्यांत मुदत, भत्ता आणि तहसीलदारांकडे जायची वाट लिहिली. कागदाची प्रत मी बचत गटातल्या बायकांपुढे मोठ्याने वाचून घेतली. जिथे वाचणारी अडली तिथे वाक्य मोडून पुन्हा लिहिलं. ‘सक्षम प्राधिकारी’ हा शब्दप्रयोग तिथेच गळाला.

छपाई, वाटप, पुण्यातला छोटा कार्यक्रम हे नेहमीप्रमाणे झालं. नागपूरला योजनेच्या आयुक्तालयात प्रती पाठवल्या, विधिमंडळाच्या रोजगार हमी योजना समितीच्या सदस्यांना पाठवल्या. काहींची पोच आली. त्या तालुक्याच्या तहसील कार्यालयाने, अर्ज घेताना दिनांकित पोच द्यावी, असं लेखी पत्र सगळ्या ग्रामपंचायतींना काढलं. ते पत्र मिळालं त्या दिवशी आमच्या कार्यालयात सगळ्यांनी ते हातात घेऊन वाचलं. धोरणावर लिहिणाऱ्याला आपल्या लिहिण्याने काही हललं, हे इतक्या जवळून क्वचितच बघायला मिळतं.

मग टाळेबंदी आली. एप्रिल २०२०मध्ये कारखान्यांवर अडकलेल्या ऊसतोड मजुरांना सरकारने घरी जायची परवानगी दिली आणि माणसं गावांत परतली. कार्यकर्त्या ताईंनी आमच्या मधल्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला. आम्ही कधी नावही न ऐकलेल्या गावांतून भरलेल्या पोचांचे फोटो परत येऊ लागले. वाकडे शिक्के, पेनाने गिरवलेल्या तारखा. काही गावांत मुदतीत काम निघालं. एका गावात निघालं नाही, आणि तिथल्या बायकांनी पोचा जोडून बेकारी भत्त्याचा दावा दाखल केला आहे. तो अजून प्रलंबित आहे. दाव्याचा अर्ज लिहायला मी मदत केली. तारखांचा तक्ता मात्र त्यांनी स्वतः केला होता आणि त्यात एकही खाडाखोड नव्हती.

सध्या नव्या आवृत्तीचं काम चालू आहे. त्या बायकांनी आता दुसरा विषय हातात दिला आहे. कामावर पाच वर्षांखालची पाच किंवा अधिक लेकरं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची, असं कायद्यात आहे. त्यांच्या कामावर लेकरं बांधाच्या कडेला लिंबाखाली असतात आणि त्यांच्याकडे बघायला थोरली बहीण असते, जी त्या दिवशी शाळेत गेलेली नसते. गेल्या दोन वर्षांचे हजेरीपट मागवायला आम्ही अर्ज टाकला आहे. लेकरं सांभाळणारी बाई कोणत्या कामावर नेमली होती आणि कोणत्या नव्हती, हे तिच्या मजुरीच्या ओळीवरून कळेल.